शब्बाथचं गाणं

ती विद्यापीठात ज्यूंचा इतिहास आणि धर्म शिकत होती. शेजारच्या म्हाताऱ्या ज्यू घड्याळजींनी एका शुक्रवारी संध्याकाळी तिला घरी बोलावलं. शब्बाथ, म्हणजे ज्यूंचा आठवड्याचा विश्रांतीचा पवित्र दिवस, नुकताच सुरू झाला होता.

"आता उद्या संध्याकाळपर्यंत या घरात यंत्राला हात लावायचा नाही. मोबाइल बंद कर आणि नुसतं ऐक," असं म्हणून त्यांनी डोळे मिटले आणि आपल्या आईचं जुनं गाणं म्हटलं. तिला मोह आवरला नाही. पर्समधला मोबाइल गुपचूप सगळं टिपत राहिला.

वर्गात ते ऐकवल्यावर सरांनी तिची पाठ थोपटली. तिला मात्र त्यानंतर आठवडाभर घास गोड लागेना. शेवटी ती घड्याळजींच्या दुकानात गेली आणि सगळं सांगून टाकलं.

त्यांनी डोळ्यावरचं भिंग काढलं. "अगं, रविवारी आली असतीस तर दहादा म्हटलं असतं. माझा शब्बाथ कशाला मोडलास?"

तिने त्यांच्यादेखत गाणं पुसलं.

"गेलं ना? मग झालं. बस, चहा घे," ते म्हणाले.

वर्गातल्या अकरा जणांनी ते केव्हाच आपापल्या मोबाइलवर उतरवून घेतलं होतं. हे सांगायला तिची जीभ रेटेना. मान खाली घालून ती चहा प्यायली आणि निघाली.