दोष कुठे, ते दाखवा

कपड्यांच्या कारखान्यातल्या फिनिशिंग खात्यात नीट लिहिता-वाचता येणारा माणूस एकच होता, आणि सगळा घोळ त्यानेच घातला. हा माणूस म्हणजे सुपरवायझर. इस्त्रीच्या टेबलावरच्या मामाच्या खिशातून पडलेला दवाखान्याचा कागद त्याने उचलला, नको तितका वाचला, आणि मामाला एचआयव्ही असल्याचं संध्याकाळपर्यंत एकतीस बायकांना कळलं. दुसऱ्या दिवशी पाण्याच्या पिंपावर सूचना लागली, की मामाने आपला पेला वेगळा ठेवावा. ती सुपरवायझरनेच लिहिली, त्यानेच चिकटवली आणि इतर कुणाला वाचता येत नसल्यामुळे त्यानेच मोठ्याने वाचून दाखवली. महिनाअखेरीस मामाला कामावरून कमी करायचं, हेही त्याने जाहीर केलं.

मामा हा तपासणीच्या टेबलावरच्या मावशीचा धाकटा भाऊ. ती साऱ्या खात्याची मावशी, म्हणून हा चाळिशीतला मिशीवाला गडी साऱ्या खात्याचा मामा. तो राहायचाही तिच्याकडेच. मावशीने सुपरवायझरला मनातल्या मनात शेलक्या शिव्या घातल्या, आणि घरी जाऊन भावाचं ताट वेगळ्या फळीवर ठेवलं. मामा जेवला, की आपलं ताट आपणच घासून फळीवर ठेवायला लागला. मावशीच्या जिवाला ते लागलं, पण ताट काही तिने खाली आणलं नाही.

असे तीन आठवडे गेले. मग आरोग्य केंद्रातली ताई पिशवीभर चित्रं घेऊन आली. माल घेणाऱ्या कंपनीची तशी अट होती, म्हणून मालकाने तिला जेवणाच्या सुट्टीआधीचा एक तास दिला. ताईने सोळा चित्रं टेबलावर पसरली. त्यांवर अक्षर एकही नव्हतं.

"यातल्या कशातून एचआयव्ही पसरतो आणि कशातून नाही, ते तुम्हीच ठरवायचं. आणि इथल्या कुणाचंही नाव घ्यायचं नाही."

बायकांनी चित्रं उचलली, उजेडाकडे धरली, आणि ज्या कामाचा पगार मिळतो ते काम सुरू केलं.

"याच्या शर्टाची बटणं उलट्या बाजूला."

"हिच्या बाहीला चुणी पडलीय. रिजेक्ट."

"डॉक्टरच्या कोटाचा खिसा तिरका. कसला मेला डॉक्टर!"

चार मिनिटांत सोळापैकी तेरा चित्रं बाद झाली. एचआयव्हीचा विषय अजून निघायचाच होता.

यावर काय करायचं, हे ताईच्या प्रशिक्षणात नव्हतं. तिने सरळ विचारलं, "तुमच्याकडे माल तपासायची पद्धत काय?"

"तीन ढीग," मावशी म्हणाली. "पास, रिजेक्ट, आणि आल्टर, म्हणजे दुरुस्त केला की पास होणारा. रिजेक्ट करणारीने दोषावर लाल बाणाचं स्टिकर लावायचं. बाण नाही, तर नग पास. नियम साहेबांचाच."

दारात हाताची घडी घालून उभ्या असलेल्या सुपरवायझरने मान डोलावली. नियम म्हटलं, की त्याची मान आपोआप डोलायची.

"मग तसंच तपासा. फक्त कपडे सोडा, चित्रात काय चाललंय ते बघा."

आता खात्याला सूर सापडला. अंथरुणातलं जोडपं एकीने तडक रिजेक्टमध्ये टाकलं.

"अगं, यांना रिजेक्ट केलंस तर तू तरी कुठून आली असतीस?" बटणवाली ओरडली. ताईने कंडोमचं चित्र पुढे सरकवल्यावर जोडपं आल्टरमध्ये गेलं. दुसऱ्याने वापरलेली सुई नव्या सुईने सुधारली. वेळेवर तपासणी केली आणि गोळ्या घेतल्या तर बाळाला होण्याचा धोका अगदी कमी होतो, हे कळल्यावर गरोदर बाईही तिथेच गेली. डास, मिठी, सामाईक संडास भराभर पास झाले.

मग मावशीच्या हातात एक चित्र आलं. दोन माणसं, एक पेला. पलीकडे मामा एकच कॉलर पाचव्यांदा दाबत होता.

मावशीचा हात रिजेक्टच्या ढिगाकडे गेला. ताई चूक म्हणाली नाही.

"दोष कुठे, ते दाखवा."

मावशीने बाण सोलून बोटावर घेतला. "थुंकी."

"थुंकीतून पसरत नाही."

"पेला उष्टा असला तर?"

"उष्टा म्हणजे थुंकीच की गं, मावशी," बटणवाली म्हणाली.

"आणि ताट?" मावशीने विचारलं. ताट चित्रात नव्हतं.

"ताटातूनही नाही. बरोबर जेवा, खुशाल."

सत्तावीस वर्षांत मावशीच्या नजरेतून एकही उसवलेला टाका निसटला नव्हता. तिने चित्र उजेडाकडे धरलं, तिरकं केलं, उलटंही करून पाहिलं. बाण लावायला जागाच नव्हती. तिला फळी आठवली आणि तिचे कान तापले.

"पास!" ती गरजेपेक्षा मोठ्याने म्हणाली.

सुपरवायझर तरातरा पुढे आला. "पास कसं? मी रिजेक्ट करतो."

मावशीने बाण त्याच्या अंगठ्यावर चिकटवला. "लावा, साहेब."

अंगठा पेल्याच्या काठावर गेला, तिथून माणसाच्या ओठांवर, तिथून पुन्हा काठावर.

"वाफ," तो म्हणाला. "इस्त्रीची वाफ असते..."

"चित्रात इस्त्री नाही."

"मग खबरदारी म्हणून..."

"खबरदारीचा बाण कुठल्या जागी लावतात, साहेब?"

एकतीस बायका त्याच्याकडे एकटक बघत होत्या. ती नजर अशी, की सुपरवायझरने नकळत स्वतःची बटणं चाचपली. अंगठा खाली आला.

"बाण नाही, नग पास," मावशी म्हणाली. "आणि पास झालेला नग कामावरून कमी करत नाहीत."

बटणवालीने पिंपावरची सूचना टरकन फाडली. वाचता येत नसल्यामुळे तिला जराही संकोच वाटला नाही.

"राहू दे त्याला कामावर," सुपरवायझर पुटपुटला.

"मोठ्याने, साहेब!" बटणवाली म्हणाली. "आम्हा अडाण्यांना वाचून दाखवावं लागतं."

त्याने मोठ्याने सांगितलं. टाळ्या शिलाई खात्यापर्यंत ऐकू गेल्या.

सुट्टीची घंटा झाली. मावशीने डबा उघडला आणि इस्त्रीच्या टेबलाकडे बघून ओरडली, "खांबासारखा काय उभा राहिलास? ये जेवायला!"

मामा आला, शेजारी टेकला आणि डब्यात हात घालणार, तोच मावशीने त्याच्या हातावर फटका मारला. "आधी हात धू!"

सगळ्या दचकल्या.

"कॉलरची खळ लागलीय मेल्याच्या बोटांना!" मावशी म्हणाली, आणि खातं खो खो हसलं.

मामा हात धुऊन आला आणि निम्म्याहून जास्त डबा त्यानेच संपवला. मावशी संध्याकाळपर्यंत त्याला त्यावरून बोलत होती, आणि मामा तीन आठवड्यांत पहिल्यांदाच तिला उलट उत्तरं देत होता.