मान खाली

मित्रांनो, माझ्या पात्याच्या पाठीवर सात हा आकडा कोरलेला आहे. तो आता इतका झिजलाय की डोळ्यांना दिसत नाही, बोट फिरवलं तरच कळतो. मी गोल्फची एक जुनी काठी. खेळणारे मला सेव्हन आयर्न म्हणतात. फार लांबच्या फटक्याला मी चालत नाही, अगदी जवळच्यालाही नाही. मधल्या अंतराचं काम माझं. नवशिक्याच्या हातात आधी मलाच देतात, कारण आम्हा बहिणींमध्ये सोशिक म्हणून माझी ख्याती.

एका कारखान्यात आम्ही नऊ जणी एकाच दिवशी घडलो. पोलादाचं पातं, पोलादाचीच दांडी आणि वर रबराची मूठ. आमचा पहिला मालक वकील होता. कोर्टात म्हणे तो बर्फासारखा थंड असे. सगळा राग तो मैदानावर आणायचा. आमच्यातल्या दोघी त्याने तळ्यात भिरकावल्या, एकीला झाडावर आपटून वाकवलं. मग त्याची कंबर गेली आणि उरलेल्या आम्ही त्याच्या घराच्या अडगळीत, एका मोडक्या पंख्यामागे जाऊन पडलो. किती वर्षं, ते मला सांगता येणार नाही. गंज चढला, मूठ चिकट झाली. वापर नसलेल्या वस्तूला दिवस मोजायला काहीच नसतं.

वकिलाच्या मुलांनी घर रिकामं केलं तेव्हा खालच्या मजल्यावरच्या शेजाऱ्याने आम्हाला मागून घेतलं. हा शेजारी बस चालवायचा. वय पन्नाशीच्या पुढचं, अंगाने जाडजूड, स्वभावाने मिस्कील. त्याच्या बसचा रस्ता गोल्फच्या मैदानाच्या कुंपणालगत जात असे. वीस वर्षं तो सिग्नलला थांबून आत खेळणाऱ्यांकडे बघत आला होता. त्याने मला दातांच्या जुन्या ब्रशने घासलं, गंज काढला, नवी मूठ बसवली. बायको दारात उभी राहून बघत होती. ती म्हणाली की लग्नात मिळालेली भांडीसुद्धा या माणसाने कधी एवढ्या मायेने घासली नाहीत.

ते मैदान सगळ्यांना खुलं होतं. दर रविवारी सकाळी माझा मालक तिथे जाऊ लागला. सोबतीला डेपोतला टाइमकीपर. तो किडकिडीत आणि सतत घाईत, म्हणून सगळे त्याला सेकंदकाटा म्हणत. दोघांची मैत्री जुनी आणि चुरसही जुनी.

खरं सांगायचं तर माझा मालक वाईट खेळायचा. फटका मारता मारताच तो चेंडू कुठे चाललाय ते बघायला मान वर करी. मान उचलली की खांदा उचलतो, खांदा उचलला की माझं पातं उचलतं आणि चेंडूच्या टाळक्यावर आदळतं. चेंडू बिचारा गवतातून सशासारखा पळत सुटे. मैदानावर शिकवणारे एक म्हातारे मास्तर होते. त्यांनी याला शंभरदा तरी सांगितलं असेल, "मान खाली ठेवा. तो जायचा तिकडे जाणारच आहे. तुम्ही निरोप द्यायला कशाला उठता?"

दोन वर्षं हेच चाललं. तो घरच्या बोळकांडीत मला घेऊन सराव करी. भिंतीचा पोपडा निघाला, एक बल्ब फुटला. पुस्तकं वाचली, आरशासमोर उभा राहिला. पण मान काही ऐकेना.

आणि मग एका मोसमात ती ऐकू लागली.

मला पहिल्यांदा कळलं ते आवाजावरून. माझ्या पात्याच्या नेमक्या मध्यावर चेंडू बसला की एक भरीव, गोड आवाज होतो. असा आवाज वर्षातून चारदा व्हायचा, तो आता एका सकाळी चारदा होऊ लागला. फटका मारून झाला तरी मालकाची मान खालीच असे. चेंडू होता त्या जागेच्या गवताकडे तो बघत राही. मास्तरांनी त्याची पाठ थोपटली आणि नव्या खेळाडूंना याच्याकडे बोट दाखवून सांगू लागले, "मान कशी ठेवायची ते यांच्याकडून शिका." सेकंदकाट्याचं तोंड आंबट झालं.

मित्रांनो, त्या दिवसांत मीही फुलून गेले होते. अडगळीतून आलेली काठी, आणि सगळं मैदान थांबून माझा फटका बघतंय! पण मालक मान वर का करत नाही, हे मला माझ्या मुठीतून कळत होतं. फटक्यानंतर त्याचे हात सैलावत नसत, माझ्याभोवती आणखी आवळत. मान वर करून तरी काय, चेंडू त्याला सापडतच नव्हता. बघण्यात अर्थ उरला नाही म्हणून त्याने बघणं सोडलं होतं.

त्याने बायकोला बरोबर न्यायला सुरुवात केली. तेवढंच चालणं होईल, असं तिला सांगितलं. ती यायची, त्याच्या मागे उभी राहायची आणि चेंडू कुठे पडला ते सांगायची. "झाडाच्या उजवीकडे, दहा पावलं." हळूहळू तिला ते आवडूही लागलं. पण ती बघत होती ते फक्त चेंडूकडे नव्हे. घरी डाव्या हाताला ठेवलेला पाण्याचा पेला रोज लवंडत होता. कपाटाच्या उघड्या दाराला त्याचं कपाळ दोनदा लागलं होतं. एकदा जेवताना ती सहज म्हणाली की डोळे दाखवून घ्या. त्याने थट्टेवारी नेलं. तू समोर असलीस की मला दुसरं काही दिसत नाही, म्हणाला. पुढच्या महिन्यात तिने पुन्हा विषय काढला, तेव्हा मात्र त्याचा आवाज चढला. "दर वर्षी तपासणी होते माझी. तक्त्यावरची शेवटची ओळ वाचतो मी. निवृत्तीला दोन वर्षं राहिलीत, कशाला नसतं खूळ काढतेस?"

ती उठून ताटं आवरायला लागली. त्यानंतर तिने हा विषय काढला नाही.

खोटं तो बोलत नव्हता. समोरचं त्याला स्वच्छ दिसत होतं. नळीतून पाहावं तसं.

मग मैदानावरच्या सामन्याचा रविवार आला. हौशी खेळाडूंचा छोटासा सामना, पण माझा मालक पहिल्यांदाच जिंकायच्या बेतात होता. बायको त्या दिवशी बहिणीकडे गेली होती. ज्या खळीत चेंडू घालायचा तिथे झेंडा रोवलेला असतो; शेवटून दुसऱ्या खळीचा झेंडा माझ्याच टप्प्यात आला. त्याने मला पिशवीतून काढलं, पातं पुसलं. सेकंदकाटा मागे आपला हरवलेला चेंडू झुडपात शोधत होता.

झेंड्याच्या डावीकडे, वाळूच्या खड्ड्याच्या काठावर मैदानाचा माळी वाकून पाण्याचा नळ दुरुस्त करत होता. अंगात भडक नारिंगी जाकीट. खेळाडू उभा राहिलेला बघून त्याने हात हलवला, थांबा म्हणून. माझ्या मालकाने मान वर केली, झेंड्याकडे नीट पाहिलं, मान खाली घातली आणि मला फिरवलं.

आवाज गोड झाला. तेवढा गोड आवाज मी पुन्हा कधी केला नाही.

चेंडू थोडा डावीकडे वळला. असं झालं की खेळाडू "फोर!" म्हणून ओरडतो, म्हणजे पुढचा माणूस डोकं झाकून घेतो. मालक ओरडला नाही. तो गवताकडे बघत उभा होता. ओरडला तो माळी, आणि तोही चेंडू लागल्यावर.

गळ्याजवळचं हाड मोडलं होतं. चार बोटं वर लागला असता तर काय झालं असतं, ते तिथे कोणी बोललं नाही. मालक धावत गेला, वाटेत वाळूच्या काठाला अडखळून पडला, उठून पुन्हा धावला. मी त्याच्या हातातच होते. माळी नळाशेजारी खाली बसला होता, चेहरा पांढराफटक पडला होता. तो रागाने नाही, नवलाने म्हणाला, "मी हात केला होता हो. तुम्ही माझ्याकडेच तर बघत होतात."

माळ्याला दवाखान्यात नेल्यावर सेकंदकाटा मालकाला घेऊन बाकावर बसला. ऊन डोळ्यावर होतं असं सांगू, तो म्हणाला. असे अपघात होतातच, मी साक्ष देतो. मला मालकाने दोन्ही हातांनी गुडघ्यावर आडवं धरलं होतं.

"उद्याची माझी पहिली फेरी दुसऱ्या कोणाला दे," तो म्हणाला.

"देतो. दोन दिवस आराम कर."

"दोन दिवसांसाठी नाही म्हणत मी."

"अरे, कारण काय लिहू?"

"दिसत नाही म्हणून लिही." मालक म्हणाला. "मागच्या महिन्यात शाळेच्या चौकात एक बाई बसच्या अगदी पुढ्यात आली तेव्हा मला दिसली. लेकराचा हात धरून चालली होती. मी ब्रेक मारला आणि खिडकीतून तिलाच नको नको ते बोललो. ती माफी मागून गेली रे."

नेहमी घड्याळाकडे बघणारा सेकंदकाटा त्या दिवशी किती वेळ तसाच बसून होता.

घरी आल्यावर मालकाने बायकोला सगळं सांगितलं. मी दाराशी पिशवीत होते. ती रडली नाही, तुम्हाला सांगत होते असंही म्हणाली नाही. कुठल्या डॉक्टरकडे जायचं एवढंच तिने विचारलं. डॉक्टरांनी काचबिंदू सांगितला. तो कडेकडेने नजर खातो, दुखत नाही की खुपत नाही. एका यंत्रात बघायला लावलं होतं, दिवा दिसला की बटण दाबायचं. मालक घरी येऊन म्हणाला की मला वाटलं यंत्र बंद पडलंय, इतका वेळ एकही दिवा लागला नाही. गेलेली नजर परत येणार नव्हती. उरलेली टिकवायला रोज थेंब घालायचे. वर्षभर आधी आला असता तर बरीच टिकली असती, असं डॉक्टर म्हणाले.

आता तो डेपोत हरवलेल्या वस्तूंच्या खोलीत बसतो. बस चालवत नाही, मैदानावरही जात नाही. मी बोळकांडीत कोपऱ्यात उभी असते.

तीन महिन्यांनी माळी घरी आला. आपण दर आठवड्याला त्याच्याकडे जातो, एकदा तरी त्याने यावं, असं मालकानेच म्हटलं होतं. माळ्याचा उजवा हात अजून खांद्याच्या वर जात नव्हता. चहा झाल्यावर मालकाने विचारलं, "राग आहे का अजून?"

"आहे," माळी म्हणाला. "झाडाच्या फांद्या आता भाऊ छाटतो, मी खाली उभा राहून बघतो. राग येणारच. पण तुम्ही बस सोडलीत ते चांगलं केलंत."

मालकाने मान हलवली. जाताना माळ्याने मला पाहिलं. डाव्या हाताने उचललं, पात्यावर बोट फिरवलं आणि आवाज न करता होतं तिथे ठेवलं.

मित्रांनो, आमच्यासारख्या वस्तू स्वतःसाठी काही मागतात, पुसून ठेवा, कोरडं ठेवा म्हणतात. मी तेवढं मागणार नाही. ज्या हातांनी मला घासूनपुसून उजळ केलं, त्या हातांचं गुपित मला ठाऊक होतं आणि कौतुकाच्या नादात मी खूश होते. मी कोणत्या तोंडाने मागू? पण तुम्हाला तोंड आहे आणि कानही आहेत. एखादी गोष्ट अचानक फार सुधारली तर ती का सुधारली ते विचारा. आणि घरातलं माणूस तीच गोष्ट दुसऱ्यांदा सांगू लागलं तर हातातलं खाली ठेवून त्याचं ऐका. तिसऱ्यांदा माणसं सांगत नाहीत. ती गप्प बसतात, आणि मागे उभी राहून तुमचा चेंडू कुठे पडला तेवढं सांगत राहतात.