उचललेला भंडारा

नखाच्या कडेला पिवळं अजून होतंच. सकाळी साबण लावून घासलं तरी होतं, आणि आता बारामतीच्या कॉलेजात, तिसऱ्या वर्षाच्या वर्गासमोर, चिंतामण पुस्तक धरलेल्या हाताचा अंगठा नकळत आत दुमडून घेत होता. काल पळसदेवपलीकडच्या वस्तीवर, ग्रामसभेत, त्याने बेलभंडारा उचलून शपथ घेतली — परदेशी कंपनी धरणाच्या पाण्यावरच सोलर पॅनेल टाकेल. धरण ओसरल्यावर उघडी पडणारी जमीन पूर्वीसारखी तुम्हीच पेराल. हे खोटं होतं. ती काठची जमीनही कंपनीला द्यायचं त्याच्या सासऱ्यांनी, आप्पासाहेबांनी, कधीच ठरवलं होतं आणि ते त्याला ठाऊक होतं.

“आमी पडलो पुढारी, जावईबापू. आमच्या भंडाऱ्यावर कोण इस्वास ठेवतंय? तुमी उचला. प्राचार्यपदाचं मी बगतो.” किती सहज म्हणाले... चहाची बशी पुढे सरकवावी तसं. आणि मी? मी तर प्राचार्यांच्या केबिनमध्ये खिडकीकडे पाठ करून बसायचं की तोंड करून, तेच ठरवत होतो.

पुस्तकात एक खाण होती, खाणीमागून आलेले गोरे होते, त्यांच्या पैशावर उठणारी-बसणारी सरकारं होती, आणि साऱ्या गावाचा विश्वास असलेला एक माणूस होता, जो शेवटी विकला जातो. हा भाग चिंतामण दरवर्षी रंगवून शिकवी. परक्यांचं राज्य आपल्यातल्याच भल्या माणसाच्या शब्दावर चालतं, असं तो म्हणे, आणि मुलं ते वहीत उतरवून घेत. आज ते वाक्य गाळून त्याने पान उलटलं.

भामाबाई काल सगळ्यांत पुढे बसली होती. तिच्या सासऱ्याची जमीन धरणात गेलेली, आता काठावरचा हरभरा एवढाच तिचा आधार. कंपनीचा माणूस समजावून सांगायला उठला, तर तिने त्याला हातानेच खाली बसवलं. “धरणाच्या टायमाला बी लई समजावलं हुतं. आता नगं. सरांनी भंडारा उचललाय, बास झालं.” — आणि तिने ठरावाच्या बाजूने हात वर केला. तिचा हात बघून बाकीचे हात वर झाले.

“सर,” स्वरदा नावाची मुलगी बाकावरून उठली, “यानेच गावाला विकलं, हे त्या लोकांना शेवटी कळतं का?”

“नाही.”

“मग सुटलाच की तो,” मागून कुणीतरी म्हणालं. वर्ग हसला.

चिंतामण हसला नाही. काठावर कुंपण पडेल तेव्हा भामाबाई कंपनीला शिव्या घालेल, आप्पासाहेबांना घालेल, स्वतःच्या नशिबाला घालेल... आणि मग इंदापूरला माझ्या दारात येईल, पायरीवर टेकेल, म्हणेल, “सर, तुमाला बी फशिवलं की वो त्येंनी.” तेव्हा आपल्याला केवढं हायसं वाटेल, हे त्याला आत्ताच, वर्गात उभ्या उभ्या, कळलं, आणि त्याला स्वतःचीच भीती वाटली.