एकक न लिहिलेला आकडा

नागपुरात सदर भागातल्या त्या हॉलमध्ये रविवारी सकाळी दहालाच खुर्च्या संपल्या. बायका भिंतीला टेकून उभ्या होत्या आणि त्यांचे नवरे दाराशी मोबाइलमध्ये तोंड खुपसून. स्टेजवर डॉ. मोहित होते. पांढरा कोट, गळ्यात स्टेथोस्कोप, कानाला माइक. त्यांनी बूच लावलेली एक काचनळी दिव्यासमोर धरली. खाली लाल रक्त, वर पिवळसर पाणी.

"हे काय आहे? हे सोनं आहे! आणि कोणाचं? तुमचंच! बाहेरचं औषध नाही, केमिकल नाही. तुमचंच रक्त काढायचं, मशीनमध्ये गरगर फिरवायचं आणि हा सुवर्णरस तुमच्याच अंडाशयात सोडायचा. झोपलेलं अंडाशय म्हणतं, गुड मॉर्निंग!"

हॉल खळखळून हसला. नळी पहिल्या रांगेत फिरली, तेव्हा एकीने ती चक्क कपाळाला लावली. मला हसू आलं. हसायचा अधिकार मला नव्हता, हे अर्ध्या तासाने कळलं.

मी सिंधू. मौद्याच्या शाळेत सत्तावीस वर्षं विज्ञान शिकवते. आमच्या आजोबांनी छप्पन साली नागपुरात दीक्षा घेतली आणि घरी येऊन सगळे देव टोपलीत भरून कन्हान नदीत सोडले. तेव्हापासून आमच्या घरात नवस नाही, अंगारा नाही, गंडादोरा नाही. दारात कोणी साधू आला तर आई त्याला पाणी द्यायची आणि वाट दाखवायची. आम्हाला कोणी फसवू शकत नाही, असा आमचा मोठा समज. पांढऱ्या कोटाबद्दल मात्र आजोबा काही सांगून गेले नव्हते.

माझी धाकटी बहीण माया सदतीस वर्षांची. लग्नाला नऊ वर्षं झाली, मूल नाही. मागच्या वर्षी तिची एएमएच तपासणी केली. अंडाशयात स्त्रीबीजं किती उरली असावीत, याचा अंदाज देणारी ही रक्ताची तपासणी. आकडा आला ०.४. तिच्या स्त्रीरोगतज्ज्ञ डॉ. हिमानींनी तिला समोर बसवून सांगितलं, "साठा कमी आहे आणि वयाबरोबर आणखी कमी होणार. स्वतःच्या बीजांवर टेस्ट ट्यूब बेबीचा प्रयत्न करायचा असेल तर आत्ता करा. यश येईलच असं मी म्हणणार नाही."

माया रडत घरी आली. मग कोणीतरी डॉ. मोहितांचा व्हिडिओ पाठवला. त्यात सगळे शब्द शास्त्रीय: पीआरपी म्हणजे तो पिवळा रस, प्लेटलेट, सेंट्रिफ्यूज. मी चष्मा लावून तो दोनदा पाहिला आणि म्हणाले, "जा बिनधास्त वं. हा काही गंडादोरा नाही, सायन्स आहे."

त्यात आठ महिने गेले. तीन वेळा सुई टोचून झाली. त्यानंतर डॉ. मोहितांच्याच लॅबचा रिपोर्ट आला, २.८. सात पट! टेस्ट ट्यूबची गरजच नाही, असं डॉक्टर म्हणाले. मी शाळेत पेढे वाटले, कशाचे ते न सांगता. आणि आज माया या स्टेजवरून आपली कहाणी सांगणार होती.

"ताई, फाइल धर न वं. मले पदराले पिन लावायची आहे," म्हणत ती आत गेली.

माझ्या मांडीवर नववीच्या उत्तरपत्रिका होत्या. डॉक्टरांचं बोलणं लांबत होतं, म्हणून मी तपासायला लागले. एका मुलीने लिहिलं होतं, "वेग = ७२." बहात्तर काय? तासाला किलोमीटर की सेकंदाला मीटर? मी सवयीने अर्धा गुण कापला आणि समासात लिहिलं, "एकक?" हा शब्द मी इतक्या वेळा लिहिलाय, की पोरं मला पाठीमागे एकक मॅडमच म्हणतात.

मग लाडाने मायाची फाइल उघडली. पुन्हा एकदा तो २.८ बघावा म्हणून. शेजारी बारीक अक्षरं होती, पिकोमोल प्रति लिटर. मी जुना रिपोर्ट काढला. ०.४ च्या शेजारी होतं, नॅनोग्राम प्रति मिलिलिटर.

मी फोनवर शोधलं. या तपासणीत नॅनोग्रामच्या एककातला एक म्हणजे पिकोमोलच्या एककातले साधारण सात. कोऱ्या कागदावर भागाकार केला. २.८ भागिले ७. उत्तर ०.४. मी तो तीनदा केला. कळमन्याच्या फळबाजारात संत्र्यांचे क्रेट मोजायचे सोडून नग मोजले, तर आकडा मोठा होतो, ढीग तेवढाच राहतो. माझ्या बहिणीच्या अंगात काहीही वाढलं नव्हतं.

तेवढ्यात पुकारा झाला, "आणि आता आपल्या मायाताई!" पडद्यावर दोन भले मोठे आकडे आले. ०.४ आणि २.८. शेजारची बारीक अक्षरं कापलेली.

माया माइकसमोर आली. "मले वाटलं होतं, संपलं सगळं..."

मी उभी राहिले. "डॉक्टर, एकक कोणतं?"

"काय ताई?"

"पहिला आकडा नॅनोग्राममध्ये आहे, दुसरा पिकोमोलमध्ये. भागून पाहा. काहीच वाढलं नाही."

त्याच्या चेहऱ्यावर आश्चर्य अजिबात नव्हतं, म्हणजे त्याला ठाऊक होतं. मग तो गोड हसला. "ताई शिक्षिका दिसतात! अहो ताई, आईच्या मायेला एकक असतं का?"

टाळ्यांनी हॉल दणाणला. मागून एक बाई ओरडली, "बसा न वं बाई! काहून मिठाचा खडा टाकून राहिल्या?"

टाळ्या थांबल्या. माया माझ्याकडे बघत होती. मग ती माइक सोडून स्टेजवरून खाली उतरली.

बाहेर पायऱ्यांवर तिने माझ्या हातातून तो कागद घेतला आणि भागाकार वाचला.

"आधी काहून नाही दिसलं वं तुले?"

"मी पाहिलंच नाही. आकडा मोठा दिसला, अन् खूश झाली."

"लोकाइच्या पोरींचे मार्क कापते न तू," माया म्हणाली. आवाज चढला नव्हता. चढला असता तर बरं झालं असतं.

डॉ. हिमानींनी पुन्हा तपासणी केली. ०.३. "एवढा चढउतार होतच असतो," त्या म्हणाल्या. "रक्त फिरवलं की तो पिवळा भाग निघतो, ते खरंच आहे. त्याने साठा वाढतो किंवा मूल होतं, हे अजून सिद्ध झालेलं नाही. प्रयोग म्हणून, तसं स्पष्ट सांगून कोणी करत असेल तर वेगळं. हा तर चमत्कार विकतोय."

"आता?" मायाने विचारलं.

"प्रयत्न करता येईल. पण तुमचे आठ महिने मी परत आणू शकत नाही."

मी तक्रार केली. पोच मिळाली, पुढे काही नाही. हॉल दर रविवारी भरतो आणि पडद्यावर मायाचे आकडे झळकतात. मी दाराशी उभी राहून तो भागाकार लिहिलेला कागद वाटते. परवा एकीने तो नीट वाचला. "तुम्ही डॉक्टर आहा का?" मी म्हणाले, "नाही, शिक्षिका." "मंग?" म्हणाली आणि कागदाची घडी करून आत गेली.

म्हणून इथे लिहिते आहे. कोणी आकडा दाखवला तर विचारा, कशात मोजला? आधी आणि नंतर माप एकच होतं का? ज्याने औषध दिलं, त्यानेच मोजलं का? आणि सायन्स आहे म्हणून सांगणारं माणूस घरचं असलं, सत्तावीस वर्षं विज्ञान शिकवणारं असलं, तरी त्यालाही विचारा. मायाने मला विचारलं नाही. तिचा माझ्यावर विश्वास होता.