शनिवारची झांज

मित्रांनो, मी एक जुनी झांज आहे. खरं म्हणजे अर्धी झांज. झांजेला दोन वाट्या असतात, त्यातली मी एक. दुसरी माझी जुळी बहीण. ती आत्ता माझ्या अंगावर रेलून बसली आहे आणि मी काही चुकीचं सांगितलं तर लगेच खणकन वाजेल. म्हणून सगळं खरंच सांगते. मधली चार वर्षं मात्र ती माझ्याजवळ नव्हती आणि त्या चार वर्षांत मी एक अक्षरही बोलले नाही. बोलणार कशी? झांजेची एकटी वाटी म्हणजे नुसतं झाकण.

आमचा जन्म साताऱ्यातला. एका कासाराने आम्हाला काशातून ओतलं, ठोकलं, घासलं आणि दोघींचा आवाज जुळेपर्यंत पुन्हा पुन्हा वाजवून पाहिलं. आमचे मालक हेमचंद्र, त्यांच्या आईने आम्हाला पसंत केलं. तिने स्वतःच्या हाताने सुताची दोरी वळली, आमच्या पोटातल्या भोकांतून ओवली आणि घट्ट गाठी मारल्या. हेमचंद्र सुट्टीवर घरी आले होते. परत अमेरिकेला निघताना तिने आम्हाला त्यांच्या सुटकेसमध्ये स्वेटरच्या घडीत ठेवलं. "तिकडे गणपती बसवशील तेव्हा आरती मुकी नको," एवढंच ती म्हणाली.

अशा आम्ही श्रूजबरीला आलो. हे मॅसॅच्युसेट्समधलं टुमदार गाव. थंडी मात्र अशी, की काशालासुद्धा हुडहुडी भरावी! हेमचंद्र यंत्रांचे भाग बनवणाऱ्या कारखान्यात इंजिनिअर होते. घरात पत्नी पद्मजाबाई आणि मुलगी सीमा. आमचं काम वर्षातून एकदा, तिथल्या मराठी मंडळाच्या गणपतीला. बाकीचे दिवस देवघराच्या खालच्या फळीवर आराम. मला वाटलं होतं, जन्म असाच सुखात जाईल.

पण आमच्या हेमचंद्रांना एक वेड होतं. एल्डरब्रुक कॉलेजचा फुटबॉल! तुम्हाला वाटेल गोल चेंडू, पायाने मारायचा. छे हो! इथला चेंडू लांबट, तो छातीशी धरून पळायचं आणि समोरच्यांनी अंगावर उड्या मारून पाडायचं. चेंडू घेऊन टोकाच्या रेषेपलीकडे पोचलं की टचडाऊन. मग पंच दोन्ही हात सरळ आभाळाकडे वर करतो आणि लोक वेडेपिसे होतात.

हेमचंद्र ह्याच कॉलेजात शिकले होते. नवीन आले तेव्हा ओळखीचं कुणी नव्हतं. एका शनिवारी सगळं होस्टेल ओस पडलं आणि लांबून आरडाओरडा ऐकू यायला लागला. आवाजाच्या मागे मागे हे गेले तर मैदानभर केशरी झेंडे! मिरवणूकच असल्यासारखं वाटलं त्यांना. बसायच्या लांबलचक लाकडी फळ्या खचाखच भरलेल्या. तिथे एक लालबुंद चेहऱ्याचा माणूस थोडा सरकला, फळीवर थाप मारली आणि म्हणाला, "सिट, सिट!" तो फ्रँक. शाळेची बस चालवायचा. त्या दिवसापासून दर शनिवारी हेमचंद्रांची जागा फ्रँकच्या शेजारी ठरून गेली. पुढे पदवी झाली, नोकरी लागली, लग्न झालं, पण ती फळी काही सुटली नाही.

आणि संघ कसा म्हणता? हरण्यात एकदम पटाईत! जिंकता जिंकता हरायचं, हरता हरता आणखी हरायचं. तरी हे दोघं आपले पुढच्या शनिवारी हजर.

ऐंशी सालच्या सुमारास हेमचंद्रांनी पाहिलं, की लोक आवाज करायला घंटा, भोंगे, पत्र्याचे डबे काय वाट्टेल ते आणतात. झालं! दुसऱ्या शनिवारी आम्हा दोघींची उचलबांगडी झाली. पद्मजाबाई दारात उभ्या राहून म्हणाल्या, "अहो, देवाची झांज त्या मारामारीत नेताय? काही वाटतं का तुम्हाला?"

"अगं, देवालाही जरा करमणूक नको का?"

"आणि ती दोरी बघा आधी. विरली आहे. बदला म्हणून किती वेळा सांगायचं?"

दोरी काही बदलली नाही. आईच्या हातच्या गाठी होत्या ना. त्या सोडायला हेमचंद्रांचं मन होईना.

मी आधी नाक मुरडलं होतं. खोटं कशाला बोलू? पण पहिला टचडाऊन झाला, हेमचंद्रांनी आरतीचा ठेका धरला आणि अख्ख्या स्टँडने माना वळवल्या. काय मजा आली म्हणून सांगू! महिनाभरात फ्रँक त्याच ठेक्यावर टाळ्या वाजवायला लागला. हा ठेका कशाचा, हे त्याने कधी विचारलं नाही. त्याला तो एल्डरब्रुकचाच वाटत असावा. पद्मजाबाईंच्या डब्यातले बटाटेवडे मात्र तो हक्काने मागून खायचा. सीमा एकदाच आली आणि कोटाची टोपी डोळ्यांवर ओढून बसली. "बाबा, धिस इज सो एम्बॅरसिंग! एव्हरीवन इज लुकिंग!" लोक बघत होते हे खरंच, पण कौतुकाने बघत होते.

मग आला चौऱ्यांशी सालचा तो शनिवार. दुपारी सामना होता आणि संध्याकाळी मंडळाचा गणपती. हेमचंद्रांचा बेत असा, की सामना संपला की आम्हाला घेऊन थेट आरतीला जायचं. नेमका त्या दिवशी संघ चांगला खेळायला लागला! शेवटचं मिनिट आलं, चेंडू आमच्याकडे, रेषा हाकेच्या अंतरावर. हेमचंद्रांनी डोळे मिटले, आम्हाला छातीशी धरलं आणि पुटपुटले, "बाप्पा, आज एवढं जिंकव. मग माझं काय वाटेल ते घे." मी छातीशीच होते, मी स्पष्ट ऐकलं.

पंचाचे हात वर गेले. टचडाऊन! हेमचंद्र टाणकन उडाले, आम्हाला एकमेकींवर आपटलं आणि त्या दणक्यात मधोमध दोरी तुटली. मी त्यांच्या हातात राहिले. बहीण निसटली, फळीवर आपटली आणि दोन फळ्यांच्या फटीतून खाली अंधारात गेली. तिचा तो लांब लांब जाणारा आवाज मी जन्मात विसरणार नाही.

लोक नाचत होते, मिठ्या मारत होते, आणि आमचे हेमचंद्र गुडघ्यांवर बसून फटीतून खाली बघत होते. खाली उतरले, पण तिथे नुसते कागदी पेले, शेंगांची टरफलं आणि गर्दीच गर्दी. आरतीची वेळ टळत चालली होती. शेवटी तसेच निघाले. हॉलमध्ये पोचले तेव्हा आरती अर्धी झाली होती आणि मंडळाचे अध्यक्ष दिगंबरकाका स्टीलच्या ताटावर चमचा बडवत होते. पद्मजाबाईंनी हेमचंद्रांच्या हातात मला एकटीलाच पाहिलं आणि एक शब्दही बोलल्या नाहीत. त्यांनी रागावायला हवं होतं. निदान हेमचंद्रांना बोलायला तोंड तरी फुटलं असतं.

सोमवारी त्यांनी कॉलेजात फोन केला. तिथे कुणी काही आणून दिलं नव्हतं. त्या दिवसापासून त्यांनी सामन्याला जाणं बंद केलं. पद्मजाबाईंना वाटलं, गेल्या चीजवस्तूचं वाईट वाटतंय, होईल कमी. पण मला खरं कारण माहीत होतं. ते शब्द मी ऐकले होते ना! हेमचंद्रांच्या मनाने घेतलं होतं, की बाप्पाने सामना दिला आणि बदल्यात आईची झांज घेतली. परत त्या फळीवर बसलो, तोंडातून काही भलतंच निघालं, तर पुढच्या वेळी तो काय मागेल? मोठा इंजिनिअर माणूस, पण ह्या बाबतीत अगदी लहान मूल. मला ओरडून सांगावंसं वाटे, अहो, ती दोरी तुटली, दोरी! पण आवाज कुठून आणू?

माझे दिवस वाईट आले. आधी देवघराची फळी गेली, मग स्वयंपाकघरातला खण आला. तिथे जुन्या बॅटऱ्या, रबरबँड आणि कुठल्याच कुलपाच्या नसलेल्या किल्ल्या. सीमा माझ्यात केसांच्या पिना ठेवायची. ती कॉलेजसाठी बाहेरगावी गेली तेव्हा पिनाही गेल्या. माझ्यावर हिरवट डाग चढले. बहीण पावसाबर्फात कुठे पडली असेल, ह्या विचाराने माझा जीव नुसता कासावीस व्हायचा.

हेमचंद्रांचं म्हणाल तर दर शनिवारी दुपारी त्यांना गॅरेजमध्ये काहीतरी काम निघायचं. काम कसलं! गाडीत बसून रेडिओवर सामना ऐकायचा. पद्मजाबाईंना हे पक्कं ठाऊक होतं. त्या मुकाट्याने गॅरेजच्या पायरीवर चहा ठेवून यायच्या.

अठ्ठ्याऐंशीच्या नोव्हेंबरात हेमचंद्र गॅरेजमधून आत आले ते पांढऱ्या चेहऱ्याने. खुर्चीवर बसले. "पद्मा, कॉलेज फुटबॉल बंद करणार म्हणतायत. पुढच्या शनिवारचा सामना कदाचित शेवटचाच."

"मग जाऊ या ना."

"मी नाही जाऊ शकत."

"का? झांज हरवली म्हणून? चार वर्षं झाली हो!"

तेव्हा त्यांनी सगळं सांगून टाकलं. काय बोलले होते, काय गेलं, कशाची भीती वाटते. खणाची फट उघडी होती, मी कान टवकारून ऐकत होते. पद्मजाबाई अशा हसायला लागल्या, की डोळ्यांतून पाणी आलं. "अहो, बाप्पाला एक वाटी काय करायची आहे? वाजवायची असती तर त्याने दोन्ही नेल्या नसत्या का?"

एवढी साधी गोष्ट चार वर्षांत हेमचंद्रांच्या डोक्यात आली नव्हती. मग तेही हसले. किती दिवसांनी मी त्यांचं हसणं ऐकलं! पद्मजाबाईंनी मला खणातून काढलं, चिंच लावून खसाखसा घासलं आणि पर्समध्ये टाकलं. "हिलाही शेवटचा सामना बघू दे," म्हणाल्या.

शनिवारी स्टँड अर्धा रिकामा होता. वारा बोचत होता. पण त्या ठरलेल्या फळीवर फ्रँक बसला होता, पांढऱ्या केसांचा, जरा वाकलेला. त्याच्या शेजारची जागा मोकळी होती. त्याने तिच्यावर घोंगडी पसरून ती अडवून ठेवली होती.

हेमचंद्रांना बघून तो उठला. कोटाच्या खिशात हात घातला आणि बाहेर काढला, तर काय सांगू मित्रांनो, माझी बहीण! लख्ख! माझ्याहून चकचकीत!

चार वर्षांपूर्वीच्या त्या शनिवारी सगळे गेल्यावर फ्रँक लायटर पेटवून स्टँडच्या खाली शिरला होता. कचरा उपसून त्याने तिला शोधून काढलं. पुढच्या शनिवारी हेमला, म्हणजे आमच्या हेमचंद्रांना, देऊ म्हणून खिशात ठेवलं, आणि हेम आलाच नाही. हेमचं आडनाव त्याला माहीत नव्हतं. वीस वर्षं शेजारी बसले, पण कधी विचारलंच नव्हतं! "फोनबुकात 'हेम' शोधलं रे मी," फ्रँक म्हणाला. "एकच निघाला. तो शेंगदाणे विकतो आणि त्याला फुटबॉल आवडत नाही." मग काय, दर शनिवारी तो तिला घेऊन यायचा. टचडाऊन झाला, की गाडीच्या किल्लीने तिच्यावर तोच ठेका धरायचा, हेम कुठे असेल तर ऐकेल म्हणून.

हेमचंद्रांनी फ्रँकला घट्ट मिठी मारली आणि सगळ्यांसमोर हमसून हमसून रडले. पद्मजाबाईंनी मला पर्समधून काढून बहिणीला नुसतं टेकवलं. खण्! अहाहा! जिवात जीव आला. चार वर्षांचं ओझं एका आवाजात उतरलं.

आता बांधायचं कशाने? फ्रँक लगेच वाकून बुटाची नाडी सोडायला लागला. पद्मजाबाई किंचाळल्या, "नो, नो, फ्रँक! नॉट शू! देवाची आहे!" त्यांनी हेमचंद्रांच्या केशरी स्वेटशर्टच्या टोपीतली दोरी सर्रकन ओढून काढली आणि चांगल्या दुहेरी गाठी मारल्या. त्या दिवशी एल्डरब्रुक सपाटून हरलं. एकच टचडाऊन झाला. पण तो आम्ही असा वाजवला, की समोरच्या संघाचे लोकही टाळ्या वाजवायला लागले. निघण्याआधी पद्मजाबाईंनी दोघांना एकमेकांचं आडनाव पाठ करायला लावलं.

कॉलेजने फुटबॉल बंद केला नाही. खर्च कमी केला, संघ लहान केला, पण ठेवला. बातमी ऐकून हेमचंद्रांनी एवढा मोठा सुस्कारा सोडला, की पद्मजाबाई म्हणाल्या, "चहा गार झाला तुमचा त्याने."

यंदाच्या गणपतीला फ्रँक आला. कडक इस्त्रीचा शर्ट, हातात सफरचंदांची टोपली. आरती सुरू झाली आणि ठेका ऐकून त्याचे डोळे मोठे झाले. आमचा ठेका इथे कसा? मग तो टाळ्या वाजवायला लागला. शब्द एकही कळत नव्हता, पण साऱ्या हॉलमध्ये त्याची टाळी तेवढी चुकली नाही. आरती संपली आणि शेवटच्या खणखणाटाला फ्रँकने दोन्ही हात सरळ आभाळाकडे वर केले. टचडाऊन! मग पद्मजाबाईंनी हात वर केले, मग हेमचंद्रांनी, मग पोरांनी, आणि शेवटी दिगंबरकाकांनीसुद्धा. मखरातले बाप्पा हसत होते, असं माझी बहीण म्हणते. मला तेही खरं वाटतं.

मित्रांनो, आमच्यासारख्या जुन्या वस्तू तुमच्याही घरी असतील. त्यांच्या दोऱ्या अधूनमधून तपासत जा. आठवणीच्या असल्या तरी विरलेल्या दोऱ्या बदला. आठवण दोरीबरोबर जात नाही. आणि दर शनिवारी जो तुमच्यासाठी सरकून जागा करून देतो, त्याला त्याचं आडनाव आजच विचारून ठेवा. चला, निघते. एल्डरब्रुकचा सामना आहे आणि फ्रँकने जागा धरली असेल.