फुकटात मिळालेला कोड

बाळ झोपलं की तिला जेमतेम चाळीस मिनिटं मिळायची. तेवढ्यात ती खिडकीजवळच्या टेबलावर कारखान्यातून आणलेली डबी उघडून बसायची. नवजात बाळांच्या उबदार पेटीतलं तापमान मोजायचं आणि नर्सच्या पडद्यावर धाडायचं, एवढंच डबीचं काम. मोजायची झकास, धाडायचं मात्र नाव नको. शनिवारपर्यंत जमलं नाही, तर रुग्णालयात पेट्या डबीविनाच बसणार होत्या. नर्स तासातासाला येऊन बघणार. मधल्या तासात एखादं पोर गार पडलं, तर कळणार कुणाला?

आकडे धाडायला लागणारा नेटवर्कचा कोड मुळापासून लिहायला सहा महिने हवेत. म्हणून तिने शोधशोध शोधून, कुणा अनोळखी माणसाने जगासाठी मोकळा ठेवलेला कोड मिळवला. तो होता भल्यामोठ्या यंत्रासाठी. आठवडाभर कापून, जोडून तिने तो डबीच्या मापाचा केला. पण डबी हाक मारायची आणि उत्तर यायच्या आतच गप्प व्हायची.

"फुकट ते पौष्टिक म्हणे!" ती करवादली.

सासूबाई बाळाचं औषध घेऊन आल्या होत्या. पंचवीस वर्षं औषधांच्या दुकानात काढलेली बाई. खोक्यातला कागद वाचल्याशिवाय थेंबभर औषध द्यायच्या नाहीत.

"ज्यानं दिलं, त्यानं कसं वापरायचं ते लिहिलं नाही का गं?"

"लिहितात हो आई, पण वाचतंय कोण!"

"मग बस बोंबलत."

ती ओशाळली. 'आधी हे वाचा' नावाची फाइल कोडाच्या शेजारीच पडून होती. तिसरीच ओळ: 'माझं घड्याळ सेकंदाला शंभर ठोके देतं. तुमचं तपासा.'

डबीचं घड्याळ हजार ठोके द्यायचं! म्हणजे जिथे उत्तरासाठी तीन सेकंद थांबायचं, तिथे बिचारी डबी दहाव्या हिश्श्याच्या वेळातच आशा सोडत होती.

तिने एक आकडा बदलला आणि सेन्सर मुठीत घट्ट धरला. "आई, आतल्या खोलीत नर्सच्या पडद्याच्या जागी लॅपटॉप ठेवलाय, त्यावर काही दिसतंय?"

"अठ्ठावीस... तीस... अगं, चढतंय की! कोण तापलंय?"

"मीच!"

तिने लगेच कारखान्यातल्या साहेबांना फोन केला. "डबी न्यायला सकाळी गाडी पाठवतो," साहेब म्हणाले, आणि मग हळूच, "शाब्बास."

बाळ अजून झोपलेलंच होतं. ती पुन्हा टाइप करायला लागली.

"आता कुणाला लिहितेस?"

"ज्यानं कोड दिला त्याला. असली डबी घेऊन आणखी कुणी अडलेली असेल, तर तिला आपले बदल आयते मिळतील."

"मग मोठ्या अक्षरात लिही बाई," सासूबाई म्हणाल्या. "तीही तुझ्यासारखीच असणार."