लाँड्रीच्या फोनवर आलेली चौकशी

मी एक जुना फोन आहे. वायरचा, काळा, लाँड्रीच्या गल्ल्याशेजारी बसलेला. नवा होतो तेव्हा माझी घंटा रस्त्यापलीकडे ऐकू जायची. मालकीणबाई मला रोज ओल्या फडक्यानं पुसायच्या. हॉटेलांच्या चादरी, दवाखान्यांचे पडदे, कुणाचा तरी उद्याच हवा असलेला कोट, सगळी कामं माझ्यातूनच यायची. "हा आहे म्हणून दुकान आहे," असं बाई म्हणायच्या आणि मी फुगायचो. मग ज्याच्या त्याच्या खिशात मोबाइल आला. माझ्यावर रिकामे हँगर येऊन पडले. मित्रांनो, न वाजणाऱ्या फोनकडे कुणी बघतसुद्धा नाही.

बाईंची मुलगी, जिला सगळे ताई म्हणत, व्यवस्थापन शिकवणाऱ्या एका मोठ्या कॉलेजात अर्ज करत होती. हा तिसरा. पहिल्या वर्षी कामाच्या अनुभवाची जागा तिनं कोरीच सोडली. आईच्या दुकानात राबणं म्हणजे काय नोकरी? नकार आला. दुसऱ्या वर्षी आतेभावाच्या सल्ल्यानं गिर्यारोहणासकट नसलेल्या छंदांची खोगीरभरती केली. मुलाखतीत विचारलं, कुठला डोंगर चढलात? ताई दुकानाच्या माळ्यापलीकडे कुठं चढली नव्हती. पुन्हा नकार.

यंदा वयाची मर्यादा संपत होती. यानंतर दारच बंद. म्हणून तिनं खरं तेच लिहिलं: आईला दम्यानं धरल्यापासून दुकान मी चालवते, कामगारांच्या पाळ्या लावते, हॉटेलांशी बोलणी करते, आणि उरल्या वेळात हौशी नाटकमंडळींचे पोशाख सांभाळते. चौकशीसाठी नंबर दिला माझा. दुकानाचा स्वतःचा फोन आहे म्हटलं की जरा वजन पडतं, असं तिचं म्हणणं. माझ्या अंगावरचे हँगर तिनं उचलले. मी पुन्हा फुगलो.

एका दुपारी मी वाजलो. ताई चादरी पोचवायला गेली होती. बाईंनी घाबरतच उचललं. पलीकडे कॉलेजच्या ऑफिसातल्या एक मॅडम. ताईचं नाव घेऊन त्यांनी विचारलं, "या तुमच्याकडे कामाला आहेत ना?"

बाई दुखावल्याच. लेकीला कामवाल्यांत मोजायचं, हा त्यांच्या लेखी लेकीचा अपमान होता.

"कामाला? छे हो. मुलगी आहे ती माझी. घरचीच."

नाटकाच्या पोशाखांचं विचारलं, तर ते आपलं असंच, हौस म्हणून, असं सांगून मोकळ्या झाल्या. पलीकडे कागदावर पेन करकरलं. मला ओरडावंसं वाटलं. पण आम्हा फोनांना दुसऱ्याचंच बोलणं पोचवता येतं.

ताई आली तेव्हा बाईंनी मोठ्या कौतुकानं सांगितलं, कसं ठणकावलं मी. ताईच्या खांद्यावरचं गाठोडं घसरलं. ती रडली नाही.

"आई, मग इतकी वर्षं मी इथं काय करतेय?"

बाईंनी मला ओढलं आणि अर्जाच्या प्रतीवरचा कॉलेजचा नंबर दाबला. लाइन लागेना. माझं एक बटण धुळीनं अडकत होतं. भलत्याच कुणाला तरी फोन लागला. इतकी लाज मला कधी वाटली नव्हती. बाईंना धाप लागली, गिऱ्हाईक ताटकळलं, इस्त्रीखाली कोटाची बाही करपली. त्यांनी वळूनही पाहिलं नाही. ताई म्हणत होती, राहू दे, संपलं ते. बाईंनी बटणावर मूठ आपटली आणि लाइन लागली.

"मघाशी मी चुकीचं सांगितलं. ती कामाला आहे."

मॅडमचा आवाज थंड होता. आधी नाही, आता हो. मुलीनं सांगायला लावलं का?

"लावायला ती बोलतेय कुठं? भिंतीकडे तोंड करून बसलीये."

"बरं. पद काय त्यांचं?"

बाईंच्या तळहाताचा घाम मला लागत होता.

"माझंच," त्या म्हणाल्या. "मी नुसती खुर्चीत बसते हो. दुकान ती चालवते. मी तिला तसं कधी म्हटलं नाही, एवढंच."

पलीकडे पेन पुन्हा करकरलं. मग, नोंद करते, निर्णय समितीचा, एवढं बोलून मॅडमनी फोन ठेवला.

उत्तर अजून आलेलं नाही. मी वाजलो की दोघी एकदम धावतात, आणि कुणाला तरी पडदे धुवून हवे असतात.

मित्रांनो, जुन्या वस्तूंची धूळ झटका, हे तर मी सांगणारच. पण घरात जे बिनबोभाट राबतात, त्यांच्या कामाला काम म्हणा. परक्यानं विचारायच्या आधी म्हणा, त्यांच्या तोंडावर म्हणा. शब्द गावाच्या दुसऱ्या टोकाला न्यायचा असेल तर मी आहे. चार पावलांवर बसलेल्या लेकीसाठी माझी गरज नाही.